फार्महाऊसच्या डेकचा पाया: आधी माती बघा, मग खड्डा मारा

मुळशी, पानशेत, कर्जत, अलिबाग, दापोली, जिकडे बघावं तिकडे हल्ली फार्महाऊसला नाहीतर होमस्टेला डेक लागतोच. एमएसची (साध्या पोलादाची) फ्रेम, वर डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) नाहीतर सागवानी फळ्या, रेलिंग, एक झोपाळा. फॅब्रिकेटर येतो, माप घेतो, कोटेशनमध्ये पाइपाचं गेज, फळीची जाडी, पेंटचे किती हात सगळं लिहिलेलं असतं आणि पायाबद्दल एकच ओळ असते, 'सिव्हिल काम पार्टीकडे'. पार्टी म्हणजे आपण. मग गावातला कोणीतरी दीड फुटाचा खड्डा मारतो, पाइप उभा धरतो, चार घमेली माल ओततो आणि झालं. कडक मुरमात हे बरीच वर्षं निभावून जातं, काळ्या मातीत मात्र पहिल्याच पावसाळ्यानंतर रेलिंगकडे बघून कळतं की काहीतरी हललंय.

सगळ्यांचं म्हणणं एकच, डेक हलका असतो त्याला कशाला एवढा पाया. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. घराचं वजन मातीला दाबून धरतं, डेकला तेवढं वजनच नाही, म्हणून माती फुगली की उचलला जातो, वर पत्रा टाकला तर वारा उचलतो. खचण्याची भीती सगळ्यांना असते, उचललं जाण्याची कोणाला नसते.

आणि अजून एक, यूट्यूबवर जे अमेरिकन-कॅनडियन व्हिडिओ असतात त्यात फ्रॉस्ट लाइनच्या खाली जा, चार फूट जा वगैरे सांगतात, ते तिकडे जमिनीतलं पाणी गोठतं म्हणून. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपल्याकडे प्रश्न आहे पावसाळ्यात ओली आणि उन्हाळ्यात कोरडी होणाऱ्या थराचा, तो थर किती खोल आहे ते तुमच्या जमिनीवर ठरतं, व्हिडिओवर नाही.

आधी हिशोब, दहा मिनिटांचा

समजा डेक १२ बाय १६ फुटाचा आहे, म्हणजे साधारण १८ चौरस मीटर. माणसं, खुर्च्या, कुंड्या असं मिळून चौरस मीटरला ३०० किलो धरा (बाल्कनीला आयएस ८७५ या भारतीय मानकात एवढंच धरतात), फ्रेम आणि फळ्यांचे १०० धरा. एकूण झाले ७,२०० किलो. दोन ओळीत तीन-तीन असे सहा खांब असतील तर मधल्या प्रत्येकावर पाव हिस्सा, म्हणजे १,८०० किलो, कोपऱ्यातल्या प्रत्येकावर ९०० किलो. मधल्याखाली दोन फूट बाय दोन फुटाचं फुटिंग (खांबाखालची काँक्रीटची रुंद बैठक) दिलं तर मातीवर चौरस मीटरला पाचेक टन येतात. कडक मुरूम १५-२० टन आरामात घेतो, मऊ चिकणमाती १० च्या आसपास, अगदी लिबलिबीत असेल तर ५. म्हणजे नुसत्या वजनाच्या हिशोबाने दोन फुटी फुटिंग वाईट मातीतसुद्धा जेमतेम पास होतं. तरी डेक वाकडे होतात, कारण भानगड वजनाची नसतेच, पाण्याची असते.

वर पत्र्याचं छप्पर टाकणार असाल तर वाऱ्याचाही हिशोब करा. मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरतात, पुण्यासाठी ३९. ४४ ला दाब येतो चौरस मीटरला साधारण ११८ किलो, आणि चारी बाजूंनी उघड्या छपराला हा दाब खालून वर पण लागतो. आपल्या १८ चौरस मीटरच्या छपराला धरला तर मधल्या खांबाला ५०० किलोच्या आसपास वर ओढ. दोन बाय दोन बाय एक फुटाच्या काँक्रीटचं वजन २७० किलो. उरलेलं वजन फुटिंगवरच्या दाबलेल्या मातीने द्यायचं, म्हणून खोली लागते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत पत्र्यांचं काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

माती ओळखायची कशी

डेकच्या जागेवर, शक्यतो दोन विरुद्ध कोपऱ्यात, पाच फूट खोल खड्डा घ्या. जेसीबी साइटवर असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे, नसेल तर बिगारी लावा पण हे टाळू नका. खड्ड्याच्या भिंतीकडे नीट बघा, थर दिसतात: वरची मळकट माती, मग काळी किंवा तांबडी, मग मुरूम, मग कदाचित पाषाण. कुठला थर कितीव्या फुटाला बदलतो ते भिंतीवरच खूण करून फोटो काढा. मातीत वीटांचे तुकडे, प्लास्टिक, जुनी चप्पल असलं काही निघालं तर तो भराव आहे, कोणी काहीही सांगो.

मग खालची मूठभर माती भिजवून तळहातावर वळा. पेन्सिलीपेक्षा बारीक वळी होत असेल आणि तुटत नसेल तर चिकणमाती भरपूर आहे. वळीच होत नसेल तर वाळू किंवा मुरूम.

काळ्या मातीसाठी अजून एक टेस्ट करा, लॅबमध्ये याचीच पक्की आवृत्ती करतात. माती उन्हात खडखडीत वाळवायची, कुटायची, पिठाच्या चाळणीने चाळायची. सारख्या मापाचे दोन सरळ काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत दोन-दोन चमचे माती, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल (हल्ली मिळवणं हेच मोठं काम आहे), काडीने ढवळून हवा बाहेर काढा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पट्टी लावून दोन्हीकडची उंची मोजा. पाण्यातली उंची रॉकेलमधल्यापेक्षा दीडपट किंवा जास्त झाली तर ही माती तुमचा डेक उचलणार असं धरूनच चाला आणि नमुना सरळ लॅबला पाठवा.

शेवटी खड्ड्यात पाणी भरून ठेवा. सकाळी तसंच साचलेलं दिसलं तर पावसाळ्यात तुमचं फुटिंग महिनोन्‌महिने पाण्यात बसणार आहे.

मुरूम

सगळ्यात सोपं प्रकरण. अडीच-तीन फूट खड्डा, तळ साफ, सुटा मुरूम काढून पाणी मारून धुम्मस करायचं, चार इंच पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट), त्यावर दोन फुटी चौरस नऊ ते बारा इंच जाडीचं फुटिंग, १० एमएमच्या सळयांची जाळी दोन्ही बाजूंनी सहा इंचावर. कोपऱ्याला दीड फुटी चालेल पण मी सगळी एकाच मापाची करतो, गवंड्याचा गोंधळ होत नाही. एकच काळजी, खड्डा जास्त खोल मारला गेला तर माती परत टाकून लेव्हल करू देऊ नका, ती जागा पीसीसीने भरा.

काळी माती

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडचा भाग, इथे वेळ आणि पैसा दोन्ही लागणार. ही माती आपल्या दख्खनच्या पाषाणाचीच झिजून झालेली आहे, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तोच प्रकार तुमच्या खांबाच्या बाजूने होतो. वरून भेग, मग त्या भेगेतून पहिल्या पावसाचं पाणी थेट खाली.

पहिला प्रश्न, मुरूम किती खाली आहे? चार-पाच फुटात लागत असेल तर डोकं लावायचं नाही, सरळ मुरमापर्यंत जायचं आणि त्यात निदान सहा इंच घुसून फुटिंग बसवायचं. खर्च वाढतो तो फक्त खोदाई आणि पेडेस्टलच्या (फुटिंगवरून जमिनीच्या वर येणारा काँक्रीटचा ठोकळा) उंचीचा.

मुरूम खोल असेल तर दुसरा मार्ग माती बदलण्याचा. खड्डा फुटिंगपेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन फूट मोठा घ्या, फुटिंगच्या खाली निदान तीन फूट काळी माती काढा आणि न फुगणारा पण थोडा चिकट मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात टाकून, ओलावा ठेवून, प्रत्येक थर ठोकून भरा. हा 'चिकट पण न फुगणाऱ्या थरा'चा विचार आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींच्या संशोधनातून आलेला, कालव्यांच्या कामात तो भरपूर वापरला गेलाय. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुरमाऐवजी वाळू किंवा क्रश सँड भरणं. वाळूतून पाणी झरझर खाली जातं आणि त्या खड्ड्याची टाकी होते, चारी बाजूची काळी माती निवांत पाणी पीत बसते. पैसे खर्च करून आजार विकत घेतल्यासारखं आहे ते.

तिसरा मार्ग अंडर-रीम पाइलचा. रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच हे तंत्र विकसित केलं आणि आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात त्याचे नियम आहेत. हाताने फिरवायच्या ऑगरने साधारण दहा इंची भोक घ्यायचं, खोल काळी माती असेल तर साडेतीन मीटरपर्यंत, आणि तळाजवळ खास कटरने त्या भोकाचा फुगा करायचा, दांड्याच्या अडीचपट व्यासाचा. काँक्रीट भरलं की तो फुगा खालच्या न हलणाऱ्या थरात अडकतो, वरची माती किती का फुगेना. १० इंची पाइलला १० किंवा १२ एमएमचे चार बार आणि रिंगा. कटरवाला माणूस मिळाला तर सहा खांबांना हे सगळ्यात सुटसुटीत पडतं, पण लांबी आणि सळई इंजिनियरकडून ठरवून घ्या.

कुठलाही मार्ग घ्या, दोन गोष्टी विसरू नका. पेडेस्टलची बाजू गुळगुळीत आणि सरळ उभी हवी. खड्ड्यातच माल ओतून केलेलं पेडेस्टल वर रुंद आणि खाली निमुळतं होतं, गाजरासारखं, आणि फुगणारी माती त्याला खालून पकडून वर ढकलते. फर्मा लावा, नाहीतर १० इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा फर्मा म्हणून आत सोडून द्या, बाहेरून जाड प्लास्टिकचे दोन फेरे गुंडाळा म्हणजे माती घसरून जाईल. आणि जमिनीलगत बीम किंवा फ्रेमचा पाइप येत असेल तर त्याच्या खाली निदान तीन इंच पोकळी सोडा. बाजूने कोणीतरी प्रेमाने माती भरून टाकतो, तेवढं बघा.

कोकणातला जांभा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात वरती चिऱ्याचं कडक कवच असतं आणि लोकांना वाटतं जितकं खोल तितकं चांगलं. जांभ्यात उलटं असतं, वरचं कवच कडक, खाली जाऊ तशी मऊ, पिवळसर-गुलाबी माती लागते. म्हणून कवच चांगलं जाड असेल तर ते फोडू नका, वरची सैल माती काढा, सहा-आठ इंचाचा खाचा घ्या आणि त्यात बसवा. आधी पहार आपटून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे, तिथे फोडून बघायचं आणि पोकळी साध्या काँक्रीटने भरायची. छप्पर असेल तर कवचात सळया ड्रिल करून घट्ट कराव्या लागतात, नुसतं वर ठेवून चालणार नाही.

कातळ आणि डोंगरउतार

पाषाण लागला की सगळे खूश. बरोबर आहे, पण आधी तो कातळच आहे का धोंडा आहे ते बघा. सह्याद्रीच्या उतारावर मातीत घराएवढे धोंडे अडकलेले असतात, वरून कातळच वाटतो. चारी बाजूंनी जरा उकरून बघा, कड सापडली की तो धोंडा, त्याच्यावर भरवसा नाही.

खरा कातळ असेल तर वरचा भुगा झालेला थर काढा, पाण्याने धुवा, १२ किंवा १६ एमएमच्या चार सळया फूटभर खोल ड्रिल करून केमिकल ग्राउटने (सुकून घट्ट होणाऱ्या लगद्याने) बसवा आणि त्यावर पेडेस्टल. उतार असेल तर पायऱ्या कापून सपाट करा, तिरक्या कातळावर काँक्रीट ठेवायचं नाही.

उताराच्या डेकमध्ये फार वेळा असं होतं की मागचे खांब कातळावर आणि पुढचे भरावावर येतात, कारण प्लॉट सपाट करताना मागचं कापून पुढे टाकलेलं असतं. मागचे जागचे हलत नाहीत, पुढचे इंच-दोन इंच बसतात, आणि सगळा डेक दरीकडे कलतो. पुढच्या खांबांचं फुटिंग भरावातून आरपार खाली मूळ जमिनीत गेलंच पाहिजे, मग सहा फूट जावं लागलं तरी जायचं. डेक जमिनीपासून पाच फुटाच्या वर असेल किंवा खाली उतार असेल तर हा लेख वाचून काम करू नका, स्ट्रक्चरल इंजिनियरला जागेवर न्या.

पुळण, खाजण आणि भातखाचर

पुळणीत (समुद्राकाठच्या वाळूत) खड्डा उभा राहत नाही, बाजू ढासळतात, म्हणून तोंड मोठं ठेवून उतार द्यावा लागतो. कोरड्या वाळूला पाणी मारून ठोकलं की ती चांगली बसते, वजन छान घेते. फुटिंग तीन-चार फूट खोल, अडीच-तीन फुटी. खरा शत्रू खारी हवा आहे, नेहमीचं एम२० नको, त्याहून मजबूत एम३० काँक्रीट, खाली सळईला ७५ एमएम कव्हर (सळईबाहेरची काँक्रीटची जाडी), बोल्ट-प्लेट गॅल्व्हनाइज्ड, आणि किनाऱ्यावरची वाळू किंवा खारं पाणी माल करायला अजिबात नाही. शिवाय सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) येताय का ते आधी विचारा, नाहीतर पाया मजबूत आणि डेक पाडायची नोटीस.

खाजणात (खाडीकाठच्या खारवट जमिनीत) आणि जुन्या भातखाचरात सुटी फुटिंग करूच नका असं माझं मत आहे. तिथे सगळे खांब जाळीच्या बीमने एकत्र बांधा किंवा पूर्ण राफ्ट (सगळ्या खांबांखाली एकच काँक्रीटचा स्लॅब) टाका, तेही डिझाइन करून घेऊन.

खोदाई ते काँक्रीट

मार्किंग फक्कीने, लाईनदोरी बांधून, आणि कर्ण मोजून. १२ बाय १६ ला दोन्ही कर्ण बरोबर २० फूट यायला हवेत. घराला लागून डेक असेल तर घराच्या पायाच्या खाली खोदायचं नाही आणि डेकची फ्रेम घराच्या भिंतीला जखडायची नाही, अर्धा-एक इंच सांधा सोडा, घर आणि डेक वेगवेगळे हलतात.

जाळीखाली ५० एमएमचे कव्हर ब्लॉक. हे लिहायची वेळ येते कारण साइटवर जाळी पीसीसीवर नुसती टेकवतात, वरून माल ओततात आणि मग एकजण वाकून आकड्याने जाळी दोन ठिकाणी वर ओढतो, 'झालं साहेब कव्हर'. पाय ठेवला की ती परत तळाला. माल पडायच्या आधी स्वतः खड्ड्यात उतरून ब्लॉक मोजा. पेडेस्टलचे १२ एमएमचे चार बार, खाली फूटभर एल करून जाळीला बांधलेले, ८ एमएमच्या रिंगा सहा इंचावर.

एम२० साठी सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३. एका गोणीत साधारण साडेचार घनफूट तयार माल निघतो, म्हणजे दोन बाय दोन बाय एकच्या फुटिंगला एक गोणी, पेडेस्टल वेगळं. पाणी गोणीला २५ लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर कमी. माल पातळ केला की घमेलं पटकन रिकामं होतं म्हणून सगळ्यांना पातळच हवा असतो, तिथे उभं राहून बघावं लागतं. किनाऱ्यावरचं एम३० हातमापाने करू नका, मिक्स डिझाइन करून घ्या.

पाइप किंवा लाकडी खांब काँक्रीटमध्ये पुरू नका. जमिनीलगत जिथे ओलं-कोरडं होत राहतं तिथेच पाइप सडतो, आणि लाकडाला वाळवी. पेडेस्टल जमिनीच्या वर निदान सहा इंच काढा, माथ्याला बाहेरच्या बाजूला थोडा उतार, त्यात १६ एमएमचे चार बोल्ट. बोल्ट बसवायला बेसप्लेटच्याच (खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट) भोकांचा प्लायचा तुकडा कापून घ्या, अंदाजाने लावलेले बोल्ट हमखास चुकतात आणि मग प्लेटची भोकं गॅसने मोठी केली जातात. पीपीसी सिमेंट असेल तर दहा दिवस पाणी मारायचं, गोणपाट गुंडाळून.

खड्डे भरताना निघालेलीच काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका, थर ठोका, आणि वरचे सहा-आठ इंच मात्र घट्ट ठोकलेल्या मातीचे, बाहेर उतार देऊन, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. घराच्या पागोळ्या डेकखाली पडत असतील तर पन्हाळ लावा. निलगिरी, सुबाभूळ, वड, पिंपळ यांच्यापासून काळ्या मातीत निदान झाडाच्या उंचीएवढं लांब राहा, मुळं उन्हाळ्यात माती आटवून टाकतात.

काम कधी काढायचं? काळ्या मातीत दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, माती ना भिजलेली ना तडकलेली. बाकी ठिकाणी मे अखेरपर्यंत चालतं, पण मृगाच्या आधी सगळे खड्डे भरून झालेले हवेत. खड्ड्यात पाणी शिरलंच तर पाणी उपसून वरची दोन-तीन इंच मऊ झालेली माती खरवडून काढा, मगच पीसीसी.

काळ्या मातीवर बेसप्लेटच्या खाली लेव्हलिंग नट ठेवा आणि पहिला पावसाळा जाईपर्यंत प्लेटखालच्या फटीत ग्राउट भरू नका. जूनच्या आधी पाण्याच्या नळीने सगळ्या पेडेस्टलची लेव्हल घेऊन भिंतीवर खूण करून ठेवा, ऑक्टोबरमध्ये परत घ्या. चार-पाच एमएमचा फरक असेल तर नट फिरवून लेव्हल करा आणि ग्राउट भरा, अर्ध्या इंचाच्या वर असेल तर नट फिरवण्यात अर्थ नाही, पाणी कुठून येतंय ते आधी शोधा.